आधी वजन, मग गिअर

मराठीच्या प्राध्यापकाचा आणि ट्रॅक्टरचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध इतकाच, की अकोटला आमच्या काकांच्या गोठ्यात बैलांच्या जागी एक जुना ट्रॅक्टर उभा असतो आणि दर दिवाळीला मला त्याची विचारपूस करावी लागते. न केल्यास काका रुसतात!

हा ट्रॅक्टर म्हणजे बी-२७५. आपल्या देशात ट्रॅक्टर तयार होऊ लागले ते १९५९ साली, आयशरच्या फरिदाबादच्या कारखान्यात. पुढे १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी भागीदारीत मुंबईची कंपनी काढली. आमचा गडी तिच्या घराण्यातला. चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन, ताकद सुमारे ३५ अश्वशक्ती. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. आत हवाच इतकी दाबली जाते की ती तापते, आणि तीत डिझेलचा फवारा पडला की भडका उडतो.

पण खरी गंमत गिअरांची. दांडे दोन. एक चार वेगांचा, दुसरा हाय आणि लो यांचा. चार दुणे आठ वेग पुढे जायचे, दोन मागे यायचे. लोच्या पहिल्यात स्वारी बैलजोडीच्या चालीने निघते, हायच्या चौथ्यात बाजाराचा रस्ता धरते. इंजिन तेच, ताकद तीच. वेग सोडावा तेव्हा ओढ मिळते आणि ओढ सोडावी तेव्हा वेग.

यंदा बरोबर मुलगा होता. अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षी चार विषयांत नापास. अमरावतीहून अकोट येईपर्यंत मी एकसारखा बोलत होतो आणि तो खिडकीबाहेर पाहत होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्याला वावरात नेले. सोयाबीन निघाले होते, हरभऱ्यासाठी नांगरट व्हायची होती. आमची काळी माती मोठी मानी. ओली असली तर चाक सोडत नाही, वाळली तर फाळ शिरू देत नाही. चिरंजीवांनी नांगर जमिनीत टाकला, हायचा दुसरा गिअर घातला आणि क्लच सोडला. इंजिनाने काळा धूर ओकला आणि मान टाकली. पुन्हा तेच. धुऱ्यावरून मी ओरडलो, "अरे, रेस दे, रेस!"

काका माझ्याकडे वळले. "मास्तर, नुसती रेस देऊन काय होते? आधी वजन पाहा लागते, गिअर मंग टाका लागते. इंजिनात काई खोट नाही!"

मुलाने लोचा दुसरा टाकला. फाळ रुतला तसा इंजिनाचा आवाज जड झाला. ओझे वाढले की गव्हर्नर आपण होऊन डिझेल वाढवतो, ओरडावे लागत नाही. ट्रॅक्टर सावकाश निघाला आणि मागे काळी माती उलटत गेली. तास धुऱ्यापर्यंत सरळ गेला.

रात्री फराळाला बसलो असता मुलगा आपण होऊन म्हणाला, "बाबा, चारही विषय एकदम नाही देत. आधी दोन देतो. एखादे वर्ष जाईल."

माझ्याजवळ उत्तरादाखल एक व्याख्यान तयार होते. ते मी गिळले आणि चकल्यांचे ताट त्याच्यापुढे सरकवले.