पंप पोरांच्या पाठीवर, मग प्रथमोपचारही पोरांनाच शिकवा



सध्या शिवारात बघा, फवारणीचा पंप कुणाच्या पाठीवर आहे? अठरा ते पंचवीस वयाच्या पोरांच्या. रात्री लाईट आली की मोटार चालू करायलाही तीच जातात. कोणत्या औषधाचं प्रमाण किती, हे त्यांना तोंडपाठ. पण सोबतचा गडी चक्कर येऊन पडला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, विचारून बघा. बहुतेक जण गप्प बसतील. दोष पोरांचा नाही, आपण शिकवलंच नाही.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. विष फक्त तोंडावाटेच जातं असं नाही. घामाने भिजलेल्या कातडीतून आणि श्वासातूनही आत जातं. लाळ गळणे, खूप घाम, मळमळ, धाप, बाहुल्या बारीक होणे, यातलं काही दिसलं की काम बंद. माणसाला फवारलेल्या पट्ट्यातून बाहेर काढा. कपडे उतरवा, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. डोळ्यात गेलं असेल तर निदान 15 मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहा. मीठपाणी पाजून उलटी काढू नका, दूध-तूपही नको. बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर झोपवा.

आणि औषधाचा डबा लेबलसकट दवाखान्यात न्या. ॲट्रोपीन काही गटांतल्या औषधांवर चालतं, सगळ्यांवर नाही. तुम्ही दोन-तीन औषधं मिसळली असतील तर सगळे डबे न्या, डॉक्टरांना अंदाजावर सोडू नका. लेबलवरचा लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, हेही पोरांना दाखवून ठेवा.

आता साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, या चौघांवर आपल्याकडे एकच लस चालते. म्हणून साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. फास आवळू नका, कापू नका, चोखू नका. घोणस-फुरशाचं विष मांस सडवतं. वरून फास आवळला तर पाय जायची वेळ येते. अंगठी, कडं, जोडवी, बूट काढा. हात-पाय लाकडी पट्टीला सैलसर बांधून हलू देऊ नका. माणसाला चालवू नका, धीर द्या, चावल्याची वेळ लक्षात ठेवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, कधीकधी खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात, बोलणं अडखळतंय, तर घरगुती इलाज न करता थेट दवाखाना गाठा.

काही जण म्हणतील, हे डॉक्टरचं काम. बरोबर आहे, बरं करायचं काम डॉक्टरचंच. पण बांधापासून दवाखान्यापर्यंतचा वेळ आपल्या हातात असतो, आणि बरीच माणसं त्या वेळातच जातात किंवा वाचतात. मांत्रिकाकडे गेलेला तासही त्यातलाच.

माझं स्पष्ट मत आहे, शेतीशाळेत आणि शिवारफेरीत अळी ओळखायला जेवढा वेळ देतो, त्यातली वीस मिनिटं यासाठी राखावीत. कृषी सहायक आणि आरोग्य केंद्रातली माणसं एकत्र यावीत. कृषी केंद्रवाल्यानेही डबा हातात देताना लेबलवरचा उतारा वाचून दाखवावा. त्यासाठी शासनाचा वेगळा आदेश यायची वाट कशाला?

घरी करायचं ते फार नाही. एका डब्यात साबण, स्वच्छ सुती कापड, बँडेज, कात्री, हातमोजे, दोन लाकडी पट्ट्या, ओआरएस, बॅटरी. डबा मोटारीच्या खोलीत ठेवा. जखमेतून रक्त वाहत असेल तर त्यातलंच कापड घडी करून घट्ट दाबून धरा, हळद-माती भरू नका. भिंतीवर मोठ्या आकड्यात 108 लिहा. आणि हंगाम तापायच्या आधी विचारून ठेवा, सापाची लस रात्रीसुद्धा कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळते? डॉक्टर रात्री असतात का? ॲम्ब्युलन्स उशिरा येणार असेल तर कुणाची गाडी काढायची, हेही आजच ठरवा.

पोस्ट घरातल्या पोरांना, पोरींनाही वाचून दाखवा. निंदणीला, वेचणीला त्याही शेतातच असतात.