विश्लेषण : विद्यापीठाच्या माहितीसत्राला हजेरी लावली की प्रवेश सोपा होतो का?

सप्टेंबर उजाडला, की अमेरिकेत ‘एमएस’ करण्याचा विचार असलेल्या अभियांत्रिकी पदवीधरांच्या ई-मेलमध्ये निमंत्रणांची रांग लागते. ‘आमच्या अभ्यासक्रमाची माहिती घ्या, प्राध्यापकांशी बोला, जागा मर्यादित.’ तिथल्या बहुतेक अभ्यासक्रमांच्या अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते, त्यामुळे त्याआधीचे दोन-तीन महिने या ऑनलाइन सत्रांचे असतात. नोकरी सांभाळून अर्ज भरणाऱ्यांपुढे मग प्रश्न उभा राहतो. झोपमोड करून सत्राला बसायचे, की तोच तास ‘एसओपी’ सुधारण्यात घालवायचा?

हजेरीचा प्रवेशाशी संबंध किती?

बहुतेक ठिकाणी फारसा नाही. या चर्चेत ‘डेमॉन्स्ट्रेटेड इंटरेस्ट’ हा शब्द वारंवार येतो. म्हणजे विद्यार्थ्याने विद्यापीठात दाखवलेला रस. अनेक अमेरिकी विद्यापीठे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाने जी माहिती प्रसिद्ध करतात, तिच्यात हा निकष आहे. पण तो बारावीनंतर पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांसाठी. एमएस आणि पीएचडीचे अर्ज सहसा त्या त्या विभागातील प्राध्यापकांची समिती वाचते. तिच्यासमोर गुणपत्रिका, शिफारसपत्रे, एसओपी आणि प्रकल्पांचा अनुभव असतो. झूमवरील हजेरीपट नसतो.

एमबीएचे गणित थोडे वेगळे आहे. काही बिझनेस स्कूल संभाव्य विद्यार्थ्यांशी झालेल्या संपर्काची नोंद ठेवतात आणि अर्जात तसा प्रश्नही विचारतात. तिथे सत्राला गेलेले बरे. मात्र नुसत्या हजेरीने काम होत नाही, तिथे काय समजले हे निबंधात उतरावे लागते.

मग सत्राला जायचेच कशाला?

कारण पैसा घरचा असतो. एका अर्जाचे शुल्क साधारण ९० डॉलर धरले, तर आठ विद्यापीठांचे ७२० डॉलर होतात. म्हणजे ६० हजार रुपयांहून अधिक, तेही प्रवेशाची खात्री नसताना परत न मिळणारे. पुढे शिक्षणासाठी काही लाखांचे कर्ज आणि त्यासाठी अनेकदा आईवडिलांचे राहते घर तारण. चुकीचे विद्यापीठ यादीतून वेळीच गळले, तर तासाभराची किंमत वसूल झाली म्हणायची.

यासाठी संकेतस्थळावर नसलेले किंवा तिथे मोघम लिहिलेले प्रश्नच विचारायला हवेत. उदाहरणार्थ, ‘आर्थिक साहाय्य उपलब्ध’ हे वाक्य जवळपास प्रत्येक माहितीपत्रकात असते. गेल्या वर्षी एमएसच्या किती विद्यार्थ्यांना टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप मिळाली, ती पहिल्या सत्रापासून मिळाली की नंतर, हे मात्र विचारावे लागते. उत्तर गुळमुळीत आले, तर तेही उत्तरच समजावे.

दुसरा प्रश्न ‘स्टेम’चा. सध्याच्या नियमांनुसार एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला पदवीनंतर १२ महिने काम करण्याची परवानगी मिळू शकते. अभ्यासक्रम ‘स्टेम’ यादीत असेल, तर त्यात आणखी २४ महिन्यांची भर पडू शकते. एकाच विद्यापीठातील मिळत्याजुळत्या नावाच्या दोन पदव्यांपैकी एक या यादीत असते आणि दुसरी नसते, असेही घडते. कर्ज फेडायचे असलेल्यासाठी हा फरक दोन वर्षांच्या पगाराचा ठरू शकतो.

तिसरा प्रश्न शिष्यवृत्तीचा. केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपसारख्या योजनेसाठी विनाअट प्रवेशपत्र लागते. असे पत्र विद्यापीठ कधी देते आणि त्याआधी अनामत भरावी लागते का, हे आधीच कळले तर शिष्यवृत्तीची मुदत हुकत नाही.

शिवाय, काही विद्यापीठे सत्राला हजर राहणाऱ्यांना अर्जशुल्क माफ करतात. ही सवलत भारतीय विद्यार्थ्यांना आहे की फक्त अमेरिकी नागरिक व कायम रहिवाशांना, हे नोंदणी करतानाच तपासावे.

हॉटेलातील मेळावे आणि विद्यापीठाची सत्रे यांत फरक काय?

पुणे, ठाणे, नाशिकच्या हॉटेलांमध्ये रविवारी भरणारे ‘एज्युकेशन फेअर’ दिसायला माहितीसत्रासारखेच असतात. तिथे टेबलामागे बसलेली व्यक्ती मात्र अनेकदा विद्यापीठाची नसते, एजंटची असते. प्रवेश झाल्यावर अनेक परदेशी विद्यापीठे एजंटांना कमिशन देतात. अमेरिकी कायद्याने विद्यार्थी आणून देण्यासाठी असे मोबदले देण्यावर बंधने घातली आहेत, पण परदेशात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्यातून सूट आहे. म्हणूनच ‘सल्ला मोफत’ असू शकतो. सल्लागार प्रामाणिक असेलही, पण त्याच्या यादीत नसलेले विद्यापीठ तो सुचवण्याची शक्यता कमी. ‘तुम्हाला या विद्यापीठाकडून कमिशन मिळते का?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच नको.

कमिशनशिवाय मिळणारी माहितीही आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे ‘एज्युकेशन यूएसए’, जर्मनीसाठी ‘डाड’ आणि फ्रान्ससाठी ‘कॅम्पस फ्रान्स’ यांच्याकडून ती घेता येते. सुरुवात तिथून करावी.

वेळेचे काय?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील संध्याकाळी ६चे सत्र आपल्याकडे पहाटे साडेतीनला सुरू होते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि तेच सत्र साडेचारला येते. निमंत्रणातली वेळ कोणत्या प्रदेशाची आहे हे न पाहता गजर लावणारे दरवर्षी सत्र चुकवतात. अनेक विद्यापीठे नोंदणी केलेल्यांना ध्वनिचित्रमुद्रण पाठवतात आणि ते सकाळी लोकलमध्येही पाहता येते. सत्राचा पहिला भाग बहुधा माहितीपत्रकाचे वाचनच असतो. जागायचे असेल, तर ते शेवटच्या प्रश्नोत्तरांसाठी.

निर्णय कसा घ्यावा?

सोपी कसोटी अशी. सत्राच्या आदल्या दिवशी अभ्यासक्रमाचे पान पूर्ण वाचावे आणि कागदावर तीन प्रश्न लिहावेत. ज्यांच्या उत्तराने अर्ज करायचा की नाही हे बदलेल, असेच प्रश्न. तीन सुचले तर सत्राला बसावे. एकच असेल तर विभागाला ई-मेल पुरेसा आहे. एकही नसेल, तर ती रात्र एसओपीला किंवा झोपेला द्यावी.

मेहनत केल्याचे समाधान म्हणून दहा सत्रांना बसणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ‘सगळे जातात, म्हणून आपणही’ या धास्तीवर विद्यापीठांची आणि एजंटांची जाहिरात चालते. माहितीसत्र ही विद्यापीठाने विद्यार्थ्याची घेतलेली परीक्षा नव्हे. उलट कर्ज काढून शिकणाऱ्याला विद्यापीठाची परीक्षा घेण्याची ती संधी आहे. प्रश्न विचारायचे नसतील, तर तिथे नुसते बसून हाती काही लागत नाही.