विधानसभेची वाट ग्रामसभेतून जाते

२८८ जागांच्या विधानसभेत २०२४ साली मुस्लिम आमदार निवडून आले दहा. आपल्या गप्पांत आणि व्हॉट्सअॅपवर हा आकडा अजून फिरतो. तक्रार खरी आहे. पक्ष आपल्याला तिकीट देताना हात आखडता घेतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिकीट मागायला जाणाऱ्याच्या पाठीशी किती वर्षांचे काम असते, हेही विचारले पाहिजे.

आर. आर. पाटील यांच्याकडे पाहा. तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचा, गरीब घरातला मुलगा. 'कमवा आणि शिका' योजनेतून शिकला. ना साखर कारखाना, ना शिक्षणसंस्था. १९७९ मध्ये आबा सांगली जिल्हा परिषदेवर निवडून गेले आणि १९९० पर्यंत तिथेच राहिले. मग तासगावने त्यांना आमदार केले, ते २०१५ मध्ये निधन होईपर्यंत.

ती अकरा वर्षे वाया गेली नाहीत. ग्रामविकास मंत्री झाल्यावर त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणले, गृहमंत्री असताना २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम. लोकांच्या हातात झाडू द्यायचा आणि बांधावरचे भांडण गावातच मिटवायचे, हे गावगाडा आतून पाहिलेल्यालाच सुचते. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर एका वाक्यामुळे त्यांना उपमुख्यमंत्रिपद सोडावे लागले. तरी २००९ मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. एका वाक्यापेक्षा तीस वर्षांचा सहवास मोठा ठरला.

आता आपल्या किनारपट्टीकडे, केळशी-दापोलीकडे पाहू. जमातीच्या निवडणुकीत आपण जीव तोडून उतरतो. ग्रामसभेला मात्र आपल्या मोहल्ल्यातली चार डोकी दिसली तरी खूप. मुलगा शिकला की आधी पासपोर्ट निघतो. आखाती कमाईने घरे उभी राहिली, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण गावातला रस्ता, नळ आणि शाळेची खोली यांचे ठराव दुबईतून होत नाहीत.

ग्रामपंचायतीच्या प्रभागात मते शेकड्यांत मोजली जातात. तिथे नावापेक्षा काम आधी दिसते. शिवाय निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. आपल्या डी.एड., बी.एड. झालेल्या मुलींनी त्या का लढवू नयेत?

आपला अकरावा आमदार मुंबईच्या पक्ष कार्यालयात तयार होणार नाही. तो किंवा ती आज एखाद्या ग्रामसभेत हात वर करून पाण्याच्या टाकीबद्दल विचारत असायला हवी. पुढच्या सभेची नोटीस लागली, की घरातल्या एकाला तरी पाठवा.