कुंडीत जगतंय म्हणजे वाचलं?

‘बागेत लावलंय ना लोकांनी? मग वाचलं की!’ दुर्मीळ झाडांबद्दल हे वाक्य इतक्या बिनधास्तपणे फेकलं जातं की कुणी उलट विचारतच नाही. आपण विचारू. त्यासाठी अमेरिकेतलं एक फूल घेऊ: ऑकोनी बेल, शास्त्रीय नाव शॉर्शिया गॅलॅसिफोलिया.

नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या डोंगरांत, ओढ्यांच्या काठी, रोडोडेंड्रॉनच्या दाट सावलीत हे जमिनीलगत पसरतं. पानं गोल, चकचकीत, बारमाही. थंडीत तांबूस होणारी. मार्चमध्ये दातेरी कडांच्या पांढऱ्या घंटा लटकतात.

फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रे मिशोनं १७८०च्या दशकात याचा नमुना गोळा केला. १८३९ साली एसा ग्रे यांना तो पॅरिसमध्ये सापडला, फुलाविना. त्यांनी नाव दिलं आणि शोध सुरू झाला. ज्या डॉ. शॉर्ट यांच्या नावावरून हे नाव पडलं, ते १८६३ साली वारले, हे झाड न पाहताच. अखेर १८७७ मध्ये जॉर्ज हायम्स या सतरा वर्षांच्या मुलाला ते कटॉबा नदीकाठी दिसलं. मोठमोठ्या विद्वानांना जे जमलं नाही, ते तिथल्या एका पोराला जमलं.

इथपर्यंतची गोष्ट सगळे आवडीनं सांगतात. पुढची सांगत नाहीत.

१९७३ साली त्याच डोंगरांत जोकासी धरण पूर्ण झालं. मिशो ज्या भागात फिरला, तिथला हॉर्सपाश्चर आणि टॉक्सवे नद्यांचा संगम आज पाण्याखाली आहे, आणि या फुलाच्या जंगली वस्तीचा मोठा हिस्साही. ज्याला शोधायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, ते सापडल्यावर शंभर वर्षांच्या आत आपण बुडवलं.

‘पण बागेत आहे ना?’ आहे. लावणं अशक्यही नाही. आम्लधर्मी माती, भरपूर कुजलेला पालापाचोळा, कायम ओल पण साचलेलं पाणी नको, वर झाडांची सावली. चुना अजिबात नको. एकदा रुजलं की हळूहळू पसरतं. बी मात्र बारीक आणि अल्पायुषी. ताजं असतानाच ओलसर, उघड्या मातीवर पेरावं लागतं. म्हणून बरेच जण मुळं फोडूनच रोपं करतात. म्हणजे एकाच झाडाचे तुकडे दहा बागांत! दरीत शेकडो वेगवेगळी झाडं होती. त्यांच्यातलं वैविध्य या तुकड्यांत येत नाही. ओढ्याचा काठ, धबधब्याचा गारवा, शेवाळावर आपोआप उगवणारं बी, यातलं काहीही कुंडीत येत नाही.

बाग करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. भांडण आहे बागेची पावती दाखवून जंगल बुडवणाऱ्यांशी. ‘इथलं घेतो, तिकडे लावून देतो’ हा हिशेब आपल्याला नवा नाही. पर्यायी वनीकरण या सरकारी शब्दाचा अर्थ तोच. जोकासी हा उदंचन प्रकल्प आहे: खालचं पाणी वर चढवायचं, गरज पडली की सोडून वीज करायची. आपल्या घाटघरचंही तेच तंत्र, आणि सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प येऊ घातलेत. वीज लागते, मान्य. मग बुडीत क्षेत्रात काय जाणार हे आधी मोजा, जाहीर सांगा, आणि जे परत मिळणार नाही त्याला ‘भरपाई’ म्हणू नका.

शार्लट-रॅलीकडे राहून हे फूल लावू पाहणाऱ्यांनी विकणाऱ्याला एक प्रश्न विचारावा: रोप नर्सरीत तयार केलंय की नर्सरीत फक्त वाढवलंय? जंगलातून उपटून वर्षभर कुंडीत ठेवलेलं रोपही ‘नर्सरीत वाढवलेलं’ म्हणून विकता येतं. उत्तर सरळ मिळालं नाही तर घेऊ नका. उरलेली फुलं डेव्हिल्स फोर्क स्टेट पार्कमध्ये, त्याच तलावाच्या काठी, मार्चमध्ये पाहता येतात. फोटो काढा, हात लावू नका. आणि समोरच्या शांत निळ्या पाण्याला नुसतं ‘सुंदर’ म्हणून परत फिरू नका.