पावडरीला गालाचा पत्ता कोण सांगतो?

पंचविशी ओलांडली की शरीरातलं कोलॅजन घटू लागतं. आपल्या वरणभातात ते नसतं. म्हणून रोज सकाळी दहा ग्रॅम पावडर कोमट पाण्यातून घ्यावी, म्हणजे कातडी तुकतुकीत, गुडघे ठणठणीत आणि केस दाट. छत्रपती संभाजीनगरातल्या एका आहारसल्लागारांचा हा सिद्धान्त सध्या निराला बाजारापासून सिडकोच्या कॅनॉटपर्यंत तोंडोतोंडी फिरतो आहे. वर शिक्का आहेच, ‘विज्ञानानं सिद्ध झालेलं’.

यातलं पहिलं वाक्य खरं. शरीरातल्या प्रथिनांपैकी जवळपास तीस टक्के कोलॅजन असतं. कातडी, हाडं, कूर्चा, कंडरा सगळं त्याच्यावर तोलून आहे. त्याच्या रेणूचा तिपेडी पीळ मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये मांडला. त्या साखळीत दर तिसरी कडी ग्लायसीनची, कारण पिळाच्या आतल्या चिंचोळ्या जागेत तेवढंच मावतं. गंमत अशी, की पावडर तयार करताना हाच पीळ आधी मोडून टाकतात.

उरलेलं मोडायचं काम पोट करतं. आम्ल आणि पाचकरस त्याची अमिनो आम्लं आणि बारीक पेप्टाइडं करतात. ती रक्तात उतरली की यकृत, स्नायू, आतड्याचं अस्तर, ज्याला गरज तो उचलतो. त्यांच्यावर ‘मुक्काम पोस्ट डावा गाल’ असं लिहिलेलं नसतं. जुनी हिमरू शाल उसवून धागे विणकरापुढे टाकले, तर तो त्यांची पुन्हा हिमरूच विणेल याची हमी कोण देणार? काही पेप्टाइडं रक्तात सापडतात, हे सल्लागार महाशय आवर्जून सांगतात. सापडतात, खरंच. पण रक्तात सापडणं आणि सुरकुती जाणं यांच्यामध्ये अजून बराच रस्ता आहे, तो त्यांनी एका चमच्यात कापला. खाल्लेलं कोलॅजन थेट चेहऱ्यावर जात असतं, तर शहागंजात पिढ्यान्‌पिढ्या पाया ओरपणाऱ्यांच्या कपाळावर एकही आठी दिसली नसती.

हा वाद तसा शिळा आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये हाडं उकळून काढलेलं जिलेटिन, म्हणजे शिजलेलं कोलॅजनच, गोरगरिबांच्या सूपमध्ये ओतलं जाई आणि ते मांसाच्या तोडीचं आहे असं छातीठोकपणे सांगितलं जाई. मग समिती बसली, कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि १८४१ मध्ये निकाल लागला: नुसत्या जिलेटिनवर कुत्रं तग धरत नाही. ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल त्यात नसतंच, हे नंतरच्या काळात उमगलं. डब्यावर मात्र ‘उत्तम प्रथिन’ आजही ऐटीत मिरवतं.

‘सिद्ध झालेलं’ म्हणजे काय, तेही पाहावं. २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या मिळून पाहिल्या तर त्वचेला फायदा दिसतो. कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्याच तेवढ्या पाहिल्या की तो नाहीसा होतो. केसांचं म्हणाल तर केस केराटिनचे असतात. आणि ‘शाकाहारी कोलॅजन’? वनस्पतीत कोलॅजन नसतं, विषय संपला.

मग करायचं काय? शरीर आपलं कोलॅजन आपणच घडवतं. कच्चा माल डाळ-भाकरी, दूध, अंडी यांतून मिळतो. पीळ टिकायला क जीवनसत्त्व लागतं. ते जीवनसत्त्व कमी पडलं की स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं. त्यासाठी दौलताबादच्या रस्त्यावरचा पेरू घ्यावा, त्यात मोसंबीपेक्षा क जीवनसत्त्व कितीतरी जास्त असतं. असलेलं कोलॅजन बिघडवतात ते ऊन आणि तंबाखू. ऑस्ट्रेलियात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत इतरांपेक्षा २४ टक्के कमी वयस्क झाली, असा २०१३ मधला निष्कर्ष आहे. मे महिन्यात जालना रोडवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटी हाकणाऱ्या मुलींना हे कुणी शिकवलेलं नाही. गुडघ्यांसाठी वजन आटोक्यात आणि मांड्यांचा व्यायाम.

एवढं वाचूनही ज्यांना दरमहा हजार-दीड हजार मोजायचेच आहेत, त्यांनी निदान डब्यावरचा तपकिरी त्रिकोण, म्हणजे मांसाहाराची खूण, शोधावा. ‘बोवाइन’ म्हणजे गुरांच्या कातड्याचं, ‘मरीन’ म्हणजे माशांचं. एकादशीला लिंबूपाण्यात हाच चमचा ढवळणाऱ्यांना सल्लागारांनी एवढं तरी सांगायला हवं होतं.