गणित समजावणाऱ्यांची मराठी

मराठी मरते आहे काय, या विषयावरील चर्चासत्रांना आता कित्येक दशके झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा तरी ही रडकथा थोडी विसावेल अशी आशा होती. ती फोल ठरली. या चर्चासत्रांत कविता येते, कादंबरी येते, इंग्रजी शाळांचे आक्रमण येते. येत नाही तो एक साधा प्रश्न : अकरावी-बारावीच्या मुलांना गणित अडते तेव्हा ती एकमेकांना ते कोणत्या भाषेत समजावतात? आमचे म्हणणे असे, की मराठी गद्याचे भवितव्य ज्या थोड्या ठिकाणी ठरते आहे त्यांत या ठिकाणाचा क्रम वरचा आहे, आणि साहित्याच्या अध्यापकांनी तिकडे पाठ फिरवणे हा निव्वळ बौद्धिक आळस आहे.

उदाहरणादाखल अचलपूर घेऊ. येथे, वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाप्रमाणे, मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी विज्ञान शाखेत जातो आणि त्याची भाषा एका उन्हाळ्यात बदलते. काल जे ‘समीकरण’ होते ते आज ‘इक्वेशन’ होते. सेमी-इंग्रजीच्या तुकडीत बसलेल्याला हे शब्द ओळखीचे असतात, त्यांच्यामागची संकल्पना असतेच असे नाही. ज्याच्या घरी ऐपत आहे तो अकोल्याला, लातूरला किंवा थेट कोट्याला शिकवणीसाठी जातो. हजेरीपटावर नाव गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयाचे, मूल मात्र दुसऱ्याच शहरात, ही व्यवस्था इतकी रुळली की २०१८ साली राज्य शासनाला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. मागे उरतात ती कोणाची मुले? शेतमजुरांची, छोट्या दुकानदारांची, २०२०च्या टाळेबंदीत बंद पडलेल्या फिनले मिलच्या कामगारांची. आणि ज्यांना परगावी खोली करून राहण्याची परवानगी घरातून मिळत नाही अशा मुली. या सर्वांपाशी गणितासाठी एकच हमखास आधार असतो, तो म्हणजे शेजारी बसलेला, तितकाच अडलेला दुसरा विद्यार्थी.

हा आधार भाषेत कसा उतरतो ते पाहण्यासारखे आहे. बारावीच्या वाटेवरचे अगदी पहिले अडथळ्याचे उदाहरण घ्या : एक्सचा वर्ग वजा नऊ, भागिले एक्स वजा तीन, एक्स तीनाकडे जात असता याची ‘लिमिट’ काढा. एक्सच्या जागी तीन घातले की वर शून्य, खाली शून्य. फळ्यावर दोन ओळींत अवयव पडतात, वरचा-खालचा एक अवयव छाटला जातो आणि उत्तर सहा येते. मुले ते उतरवून घेतात. खरा प्रश्न नंतर, सायकली काढता काढता निघतो.

‘काहून बे, शून्यानं भागता येत नाही ना? मंग तो एक्स मायनस थ्री कटते कसा?’

‘तीन टाकूच नको. तीनच्या जवळ जाय. दोन पॉइंट नऊ टाक, पाच पॉइंट नऊ येते. दोन पॉइंट नऊ नऊ टाक, पाच पॉइंट नऊ नऊ. पाह्य, कुठं चाल्लं?’

‘सहाकडे.’

‘हां. एक्स तीनच्या जवळ हाये, तीन नाही हाये. मंग खालचं शून्य नाही झालं. म्हनून कटते.’

या प्रकारच्या संवादात घडते काय? इंग्रजी पाठ्यपुस्तकातले ‘टेंड्स टू’ हे कोरडे क्रियापद येथे ‘जवळ जाणे’ आणि ‘पोहोचणे’ या दोन मराठी क्रियांच्या फरकातून उलगडते. या एका फरकावर अवकलनाची सगळी इमारत उभी आहे. परिभाषाकोशाने ‘सीमा’ हा शब्द दिला, तो योग्यच आहे; पण शब्द देणे आणि संकल्पना मराठी वाक्यात चालती करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम समित्यांनी केले. दुसरे काम सायकलच्या कॅरिअरवर वही ठेवून ही मुले करत आहेत.

यावर नेहमीचे तीन आक्षेप येतात. पहिला शुद्धिवाद्यांचा : ही धड मराठी नाही, धड इंग्रजी नाही. आम्ही विचारतो, वाक्याचा कणा कोणाचा आहे? ‘काहून’, ‘मंग’, ‘म्हनून’ हे कार्यकारणाचे सांधे वऱ्हाडी आहेत; नामे तेवढी उसनी आहेत. उसनी नामे पचवून भाषा वाढतात. कार्यकारण सांगण्याची सवय गेली की त्या खंगतात. दुसरा आक्षेप शिस्तप्रिय शिक्षकांचा : ही मदत म्हणजे कॉपीची पहिली पायरी. कॉपीत फक्त उत्तर पुढे सरकते. येथे कारण सांगितले जाते. हा फरक ज्याला दिसत नाही त्याने परीक्षकाचे काम करू नये. तिसरा आक्षेप शिकवणीवर्गांच्या जाहिरातींतून घराघरांत शिरला आहे : दुसऱ्याला शिकवण्यात वेळ घालवाल तर तुमची रँक जाईल. वरच्या संवादातला दुसरा मुलगा पाहा. अवयव का छाटता येतो हे सांगावे लागले, म्हणूनच त्याला ते स्वतःलाही पक्के करावे लागले. शेजारी हा प्रतिस्पर्धी आहे असे सोळाव्या वर्षी शिकवणारी व्यवस्था गणितही धड शिकवत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात नवल वाटण्याचे खरे तर कारण नाही. अचलपूरहून फार दूर नसलेल्या रिद्धपुरात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्राची सामग्री जमवली ती सहशिष्यांना विचारून विचारून, एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी ताडून. पुढे मूळ ग्रंथ धाडीत हरवला, तेव्हा हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला. संस्कृतात प्रश्न करणाऱ्या पंडिताला नागदेवाचार्यांनी मराठीतच विचारायला सांगितल्याची हकीकत स्मृतिस्थळात आहे. आपले आद्य गद्य हे असे विचारण्या-सांगण्यातून, सोबत शिकणाऱ्यांच्या बैठकीतून आले आहे. गणितालाही हा वारसा परका नाही. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. १२०७ च्या सुमाराच्या तेथील शिलालेखात त्या मठासाठी गावच्या व्यवहारातून द्यावयाचा वाटा नोंदवला आहे, आणि तो भाग मराठीत आहे. गणित शिकणाऱ्यांची सोय ही गावाची जबाबदारी मानली गेली होती.

म्हाइंभटांच्या पोथीवर शोधनिबंध लिहायचे आणि त्याच जिल्ह्यात आज चाललेल्या विचारण्या-सांगण्याकडे ‘हा आमचा प्रांत नव्हे’ म्हणून बघायचे नाही, ही विसंगती मराठी विभागांनी किती काळ जपायची? जिथे कवितेचा अर्थही बाजारातल्या गाईडमधून पाठ करवून घेतला जातो, तिथे ‘का’ विचारणारा मुलगा गणिताच्या वहीवर भेटत असेल, तर आपण त्याच्याकडे शिकायला जावे.

याचा अर्थ गणिताच्या शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवाव्यात, मुले आपापली शिकतील, असा सोयीस्कर अर्थ कोणी काढू नये. दोघेही चुकत असतील तर चूकच पक्की होते. ती सोडवायला जाणता माणूस लागतोच. आमची मागणी साधी आहे. गावच्या वाचनालयांनी संध्याकाळी एक खोली, एक फळा आणि बोलण्याची मुभा द्यावी. ‘शांतता राखा’ची पाटी त्या खोलीपुरती काढावी. मुलींना घरी परतता येईल अशा वेळा ठेवाव्यात. रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाने आणि अमरावती-अकोल्याच्या मराठी विभागांनी आपले विद्यार्थी तेथे पाठवून ही समजावणी ऐकावी, उतरून घ्यावी, गणिताच्या अध्यापकांकडून तपासून घ्यावी आणि छापावी. बारावीच्या गणितावर मुलांच्या तोंडून आलेले असे एक पुस्तक निघाले, तर अभिजात दर्जाच्या सोहळ्यांवर झालेल्या खर्चापेक्षा ते मराठीच्या अधिक कामी येईल.