पालकाचे लिंगांतर: सज्ञान मुलांचे प्रश्न अनुत्तरितच

वाराणसीतील पिशाचमोचन कुंडावर २०१६ च्या पितृपक्षात किन्नर आखाड्याने दिवंगत तृतीयपंथीयांसाठी सामूहिक पिंडदान केले. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी या विधीचे नेतृत्व केले होते. घराने दूर लोटलेल्यांच्या मागे पिंड देणारे कोणी नसते, ही व्यथा या विधीतून पुढे आली.

तृतीयपंथी व्यक्तीला मुलेबाळे नसतात, असेच समाज गृहीत धरतो. मात्र विवाह आणि अपत्यप्राप्तीनंतर लिंगांतर करणाऱ्या व्यक्तीही आहेत. त्यांच्या सज्ञान मुलांना वडिलांना वा आईला काय म्हणावे, येथपासून स्वतःच्या विवाहाच्या वेळी काय सांगावे, येथपर्यंत अनेक प्रश्नांना सामोरे जावे लागते.

टोन्या व्हाइट आणि रँडी एटनर या अमेरिकी संशोधकांनी २००४ आणि २००७ मध्ये या विषयावरील अभ्यास प्रसिद्ध केले. लहान मुले हा बदल तुलनेने सहज स्वीकारतात, किशोरवयीनांना तो अधिक जड जातो आणि आई-वडिलांमधील कलह मुलांच्या अडचणी वाढवतो, असे त्यांना आढळले.

कायद्यातील पोकळी

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला. त्यानंतर २०१९ च्या कायद्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राच्या आधारे कागदपत्रे बदलण्याची तरतूद केली. ही तरतूद संबंधित व्यक्तीच्या स्वतःच्या कागदपत्रांपुरती होती. मुलाच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे जुने नाव आणि वडिलांच्या ओळखपत्रावर नवे नाव व लिंग असेल, तर ही तफावत समजावून सांगण्याचा भार मुलावरच येतो.

वारसाहक्काचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. उत्तर प्रदेशाने २०२० मध्ये महसूल संहितेत दुरुस्ती करून शेतजमिनीच्या वारसांत तृतीयपंथी सदस्यांना स्थान दिले. परंतु १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मुलगा मृत्युपत्राविना निधन पावल्यास त्याची आई पहिल्या वर्गातील वारस ठरते, तर वडील दुसऱ्या वर्गातील. मग जन्मदाता पिता कायद्याने स्त्री ठरल्यास त्याला कोणत्या वर्गात धरायचे, याचे उत्तर कायद्याच्या शब्दांत सापडत नाही.

ब्रिटनने २००४ च्या कायद्यातच याची दखल घेतली. लिंगाची नवी नोंद झाली तरी अपत्याची आई वा वडील म्हणून असलेला दर्जा बदलत नाही, असे तेथे स्पष्ट करण्यात आले. केरळ उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये वेगळा मार्ग स्वीकारला. एका ट्रान्सजेंडर दाम्पत्याच्या अपत्याच्या जन्मदाखल्यावर ‘आई’ आणि ‘वडील’ याऐवजी ‘पालक’ अशी नोंद करण्याचा आदेश न्यायालयाने दिला.

केरळमधील प्रकरण तान्ह्या बाळाचे होते. ज्यांचे दाखले वीस वर्षांपूर्वीच तयार झाले, त्यांना नव्या शब्दापेक्षा जुन्या नात्याच्या हमीची अधिक गरज आहे. पालकाची नवी ओळख मान्य करतानाच मुलांचे हक्क आणि कागदपत्रे अबाधित राहतील, एवढी स्पष्ट तरतूद केली तरी अशा अनेक कुटुंबांवरील ताण हलका होऊ शकेल.